पोटखराब्यातील अळंबी

एखादी गोष्ट कोठे उगवते हे लिहून ठेवणे बरोबर की चूक, असे कोणी विचारले तर आपल्याला तो प्रश्नच वाटणार नाही. लिहून ठेवण्यात चूक ती काय असणार? आपण सारे लिहिण्या-वाचण्याच्या बाजूची माणसे. जे लिहिले गेले ते टिकले आणि जे लिहिले गेले नाही ते वाऱ्यावर गेले, हे शाळेपासून आपल्या मनावर बिंबलेले आहे. परंतु किनाऱ्यालगतच्या रानात पावसाळ्यात उगवणाऱ्या एका साध्या बुरशीचा विचार करू लागलो, की हे मत हलू लागते. नोंद करणारा माणूस नेमके काय उचलून नेतो, कोणासाठी नेतो आणि कोणाच्या परवानगीने नेतो, हे प्रश्न मग टाळता येत नाहीत.

या बुरशीला पुस्तकांत पफबॉल म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर अळंबी म्हटले की छत्री येते. हिला छत्रीही नाही आणि धड दांडाही नाही. मातीवर ठेवलेल्या लिंबासारखा किंवा बोराएवढा एक गोळा, एवढेच तिचे रूप. कोवळेपणी कापला तर आत पांढराशुभ्र गर असतो. काही दिवसांनी तोच गर पिवळट होतो, मग तपकिरी पडतो आणि शेवटी त्याची कोरडी भुकटी होते. गोळ्याच्या माथ्यावर एक छिद्र पडते. त्यावर पावसाचा टपोरा थेंब पडला किंवा शेळीचा पाय लागला, की धुराचा लोट उठावा तशी भुकटी बाहेर पडते. हा धूर म्हणजे तिचे बीजाणू. युरोपातल्या थोराड पफबॉलच्या एका गोळ्यात किती बीजाणू असतात याचा हिशोब बुलर या शास्त्रज्ञाने १९०९ साली मांडला होता. तो आकडा सुमारे सात लाख कोटी आला. इतक्या बीजाणूंमधून रुजतात ते अगदी थोडे. नाहीतर साऱ्या पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरली नसती.

पफबॉलच्या गोतावळ्यात धरलेली, पण रक्ताने वेगळी असलेली आणखी एक बुरशी आहे. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रिअस. तीही गोळ्याच्या रूपात मातीत वाढते. मग तिची जाड साल चिरते आणि चांदणीच्या पाकळ्यांसारखी उलगडते. हवा ओली असली की पाकळ्या उघडतात, कोरडी पडली की मिटतात. रांचीच्या बाजारात पावसाळ्यात जी ‘रुगडा’ नावाने विकली जाते ती हीच. तिकडे ती सालवृक्षाच्या मुळांशी नाते जोडून राहते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साल नाही. पण रत्नागिरीपासून गोवा, कारवार, मंगळूरपर्यंत जांभ्या दगडाचा जो पट्टा पसरला आहे, त्याच्या दक्षिणेकडील भागात, खुरट्या झाडीच्या रानात, संशोधकांनी तिच्या नोंदी केल्या आहेत. तेथील लोक ती कोवळेपणी खातात, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. तिला मुळांचा आधार देणारी झाडे तोडली, की ती राहत नाही. झाड तिला साखर देते आणि ती झाडाला मातीतले पाणी व क्षार मिळवून देते. असा हा उभयतांचा व्यवहार आहे.

आता या बुरशीचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा, कारण आमचा सारा प्रश्न त्यातूनच निघतो. ती वर्षातून थोडे दिवस दिसते. उरलेल्या काळात ती मातीत धाग्यांच्या रूपाने पसरलेली असते. ते धागे उघड्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. वैशाखात त्या रानात उभ्या राहिलेल्या माणसाने ‘येथे काही नाही’ असे म्हटले, तर तो खोटे बोलत नाही. पण खरेही बोलत नाही. ‘मला दिसले नाही’ आणि ‘येथे नाही’ या दोन वाक्यांमधले अंतर ज्याला कळले नाही, त्याने नोंद करण्याचे काम हाती घेऊ नये.

मग हे अंतर कोणाला कळते? ज्यांचा पाय त्या रानात रोज पडतो त्यांना. गुरे-शेळ्या चारणाऱ्यांना, लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांना. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध खालांना आम्ही एकदा विचारले होते, ‘खाला, अळंबीची जागा तुम्हाला कशी कळते?’ त्या म्हणाल्या, ‘जागा आपल्याला कळत नसते, बाबा. जागा कुणीतरी दाखवायला लागते. मला माझ्या सासूने दाखवली.’ आम्ही म्हटले, ‘आम्हाला दाखवाल?’ त्या म्हणाल्या, ‘दाखवीन. पण कागदावर नका घालू.’

हे ‘कागदावर नका घालू’ आम्हाला प्रथम अडाणी वाटण्याचा संभव होता. विचार केल्यावर त्यातले शहाणपण दिसते. अळंबीची जागा सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगायची नाही, ही कोकणातली आणि गोव्यातली जुनी रीत आहे. गोव्यात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला वारुळावरची अळंबी विकायला येते. तिला चांगला भाव मिळतो आणि भाव मिळतो म्हणून ती ओरबाडली जाते. गोवा विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत यांनी याविषयी वर्षानुवर्षे इशारे दिले आहेत. जागा जितक्या जास्त लोकांना कळेल, तितकी ती लवकर रिकामी होईल, हे खालांना कोणत्याही विद्यापीठात न जाता ठाऊक होते.

आणि ही भीती केवळ अळंबीपुरती नाही. चीनमधल्या गुहेत राहणारी एक देखणी पाल १९९९ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. ती कोठे सापडली हेही रीतीप्रमाणे छापले. हौशी लोकांना प्राणी पुरवणारे व्यापारी तो पत्ता वाचून तेथे पोचले आणि ज्या जागेवरून तिचे वर्णन झाले होते तेथूनच ती नाहीशी झाली. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ साली काही शास्त्रज्ञांनी हा धोका मांडला. त्याच नियतकालिकात २०१७ साली आणखी दोघांनी स्पष्टच लिहिले, की दुर्मीळ जिवांचे नेमके पत्ते छापू नका. म्हणजे खालांचे म्हणणे आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे शेवटी एकाच ठिकाणी आले. फरक इतकाच, की शास्त्रज्ञांना तेथे पोचायला एका जागेवरची पाल गमवावी लागली.

येथे थांबलो असतो तर निर्णय सोपा होता. नोंद करू नये, रान ज्याचे आहे त्याच्यापाशी ठेवावे, आणि आपण शहरात बसून त्याचे कौतुक करावे. परंतु दोन गोष्टी हा निर्णय टिकू देत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे, सासूने सुनेला दाखवायची ही रीत आता पुढे चालेल याची खात्री कोणी द्यावी? कोकणातली घरे मुंबईकडे आणि आखाताकडे रिकामी होत गेली त्याला किती वर्षे झाली! घरात सून आहे, पण ती कुर्ल्याला किंवा मुंब्र्याला आहे. गणपतीला, ईदेला किंवा लग्नकार्याला ती गावी येते तेव्हा रानात जायला तिला सवड नसते. तिच्या मुलांना अळंबी बाजारातल्या डब्यातून माहीत असते. खालांपाशी जी नोंदवही होती ती माणसात लिहिलेली होती. कागद जाळला तर नष्ट होतो, तशी माणसात लिहिलेली वही माणसाबरोबर जाते. तेव्हा न लिहिण्याने जपणूक होते हे खरे असले, तरी ते ऐकणारा पुढे उभा असेल तोवरच खरे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपण समजतो की नोंद करावी की करू नये, असे दोन पर्याय आपल्यापुढे आहेत. प्रत्यक्षात नोंद आधीच झालेली आहे. ती तलाठ्याच्या दप्तरात आहे. सातबाऱ्याचा उतारा ज्याने काढला आहे त्याला ‘पोटखराब’ हा शब्द माहीत असतो. ज्या जमिनीत पीक घेता येत नाही ती पोटखराब. जांभ्याचा सडा, त्याच्या कडेची खुरटी झाडी, पऱ्ह्याच्या काठचे रान, हे बहुतेक या रकान्यात बसते. देशपातळीवर पडीक जमिनींचे नकाशे होतात, त्यांतही अशी खडकाळ पठारे पडीक म्हणूनच रंगवली जातात. महसुलाच्या हिशोबापुरते हे बरोबर असेल. सरकारला शेतसारा मिळत नाही, म्हणून खराब. पण हा शब्द महसुलापुरता राहत नाही. उद्या तेथे खाण काढायची असेल, कारखाना आणायचा असेल, तेव्हा ‘ती जमीन खराबच आहे, तेथे काही उगवत नाही’ असे याच कागदाच्या आधारे सांगितले जाते. प्रकल्पाआधी पर्यावरणाचा जो अहवाल तयार होतो त्यात झाडांची यादी असते, पक्ष्यांची असते, प्राण्यांची असते. बुरशीला बहुधा रकानाच नसतो. आणि पाहणी कोरड्या दिवसांत झाली असेल, तर रकाना असूनही तो रिकामाच राहायचा.

म्हणजे आपण गप्प बसलो, तर रान गुप्त राहते हा आपला समज आहे. रान गुप्त राहत नाही. त्याच्याविषयी एक खोटी साक्ष कागदावर उभी असते आणि आपल्या मौनामुळे ती निर्विवाद ठरते. अळंबी चोरणाऱ्याला जागा माहीत असावी लागते. बुलडोझरला मात्र तेथे काय आहे हे माहीत नसले की पुरते. मौनाने पहिल्यापासून बचाव होतो, दुसऱ्यापासून होत नाही. कागदावर नाव नसलेल्या माणसाला आपण असल्याचे पुरावे किती दारांत घेऊन फिरावे लागते, हे आपल्या काळात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. बुरशीला तर दाराशी जाताही येत नाही.

नोंदीमुळे काही घडते का, असे कोणी विचारील. घडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन, ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या जुन्या जंगलांसाठी १९९४ साली जो आराखडा झाला, त्यात सुमारे चारशे अल्पपरिचित जीवजातींची यादी होती आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक बुरशी होत्या. त्यांच्या ज्ञात जागा सांभाळायच्या, आणि काही जातींसाठी झाडे तोडण्याआधी शोध घ्यायचा, असे बंधन सरकारी जंगलांवर आले. लाकूड कंपन्यांना ते जाचक वाटले, त्यावरून खटले झाले, नियम बदलले आणि पुन्हा आले. पण बुरशीच्या नोंदीसाठी कुऱ्हाडीला थांबावे लागते, ही गोष्ट एकदा कायद्याने मान्य झाली.

आपल्याकडचे उदाहरण बुरशीचे नाही, पण त्याच सड्यांचे आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ती शोधून, मोजून, नकाशावर मांडण्याचे काम निसर्गयात्री संस्थेच्या अभ्यासकांनी आणि इतरांनी केले. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ती गेली. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा ही नोंद त्यांच्या हातातला एक मुद्दा होती. पोटखराब म्हटलेल्या जमिनीवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी काही कोरून ठेवले आहे, असे आता कागद दाखवून सांगता येत होते. शिल्पाला निदान दगडाचा देह आहे. तो वैशाखातही दिसतो. बुरशीची साक्ष पावसाळ्याच्या त्या थोड्या दिवसांतच नोंदवून घ्यावी लागते.

तेव्हा नोंद केली पाहिजे, असे आमचे मत आहे. पण त्यामुळे खालांचा आक्षेप रद्द होत नाही. तो नोंद करणाऱ्याच्या खांद्यावर येऊन बसतो. नोंद कशी करावी, हा आता खरा नैतिक प्रश्न आहे.

जे पाहिले तेवढेच लिहावे, हे त्यातले पहिले कर्तव्य. बुरशीच्या बाबतीत ते वाटते तितके सोपे नाही. कोवळ्या पफबॉलसारखी दिसणारी, पण आतून लवकरच काळपट जांभळी पडणारी एक कठीण सालीची बुरशी आहे, ती खाल्ल्याने विषबाधा होते. काही अतिविषारी छत्र्याही बालपणी पांढऱ्या गोळ्यासारख्याच दिसतात. चुकीचे नाव लिहून ‘खाण्याजोगी’ असा शेरा मारला, तर तो शेरा कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. शिवाय नावे बदलतात. अ‍ॅस्ट्रिअसला १८०१ साली पर्सून या शास्त्रज्ञाने नाव दिले आणि पुढे दोन शतके जगभर ती एकच जात मानली गेली. २००४ आणि २००७ साली आग्नेय आशियातल्या दोन जाती वेगळ्या काढल्या गेल्या, नंतर आणखी काही निघाल्या. जुन्या नोंदी फुकट गेल्या का? ज्यांनी केवळ नाव लिहिले त्यांच्या गेल्या. ज्यांनी जागा, तारीख, शेजारचे झाड, मातीचा प्रकार लिहिला आणि वाळवलेला नमुना जपून ठेवला, त्यांची नोंद आजही उघडून पुन्हा तपासता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाने बुरशींचा जो संग्रह आहे, त्याची किंमत यासाठी आहे. नाव हे नोंद करणाऱ्याचे मत असते. जागा, तारीख आणि नमुना ही त्याची साक्ष असते. मत बदलले तरी चालते, साक्ष बदलून चालत नाही.

दुसरे कर्तव्य ज्याने जागा दाखवली त्याच्याविषयीचे आहे. शास्त्रीय लेखांत ‘स्थानिकांच्या मदतीने’ असे दोन शब्द येतात आणि सासू-सुनांची सारी परंपरा त्या दोन शब्दांत गुंडाळली जाते. दाखवणाऱ्याने घातलेली अट ही नोंदीचाच भाग मानली पाहिजे. अट मान्य नसेल तर जागा बघायलाच जाऊ नये. बघून मग अट मोडणे याला संशोधन म्हणता येत नाही. ज्याने आपल्याजवळ अमानत ठेवली त्याच्या पश्चात ती विकून टाकण्यासारखे ते आहे.

मग नोंद करायची आणि सांगायची नाही, हे कसे जमावे? जमते. निरीक्षणे नोंदवण्याची ‘आयनॅचरलिस्ट’सारखी जी साधने आज जगभर वापरली जातात, त्यांत संकटग्रस्त जातीचा नेमका ठिकाणा लोकांना दाखवत नाहीत. अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेतरी, एवढेच दिसते. आपल्या भागात हा चौकोन बाजूला साधारण बावीस किलोमीटरचा होतो. तालुक्याला कळते, वाटसरूला कळत नाही. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आणल्या. नेमका ठिकाणा गावाच्या वहीत राहावा, त्या वहीवर ग्रामसभेचा ताबा असावा आणि बाहेरच्या जगाला तालुक्यापुरते कळावे, अशी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. दुर्दैवाने हरित न्यायाधिकरणाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातली आणि दंडाची टांगती तलवार लटकली, तेव्हा कित्येक ठिकाणी या वह्या भरण्याची घाई उडाली. मुदतीच्या धाकाने वही भरून निघते. पण पहिल्या पावसानंतर रानात जाऊन, दाखवणाऱ्याच्या मागे चालत केलेली नोंद तिच्यात आपोआप येत नाही.

यावर एक आक्षेप असा येऊ शकतो, की कोणाला किती सांगायचे हे ठरवणारा माणूस दरवाजावरचा पहारेकरी होतो, आणि पहारेकरी कधी मालक बनतो ते कळत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती किल्ली अभ्यासकाच्या खिशात असू नये, गावाच्या हाती असावी, असे आम्हाला वाटते. गाव चुकणार नाही असे नाही. गावातही अळंबी विकणारे असतात, जमीन विकणारे असतात. पण चुकीचे परिणाम ज्याला भोगायचे आहेत त्याने ती चूक करणे, आणि दूर बसलेल्याने करणे, यांत फरक आहे.

बुरशींच्या जगात आपण किती थोडे जाणतो, हे एका हिशोबावरून दिसते. आजवर सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत. क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या २०२३ च्या अहवालानुसार एकूण जाती पंचवीस लाखांच्या घरात असाव्यात. ज्यांना नावे मिळाली त्यांपैकीही धोका किती आहे याची तपासणी २०२५ च्या मार्चपर्यंत केवळ तेराशेच्या आसपास जातींची झाली होती, आणि त्यांतल्या चारशेहून अधिक संकटात निघाल्या. म्हणजे पोटखराब हा शेरा एकट्या सड्यावर मारलेला नाही. एक अख्खी सृष्टी त्या रकान्यात पडली आहे.

नोंद केल्याने रान वाचेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. नोंद असूनही रान तोडले जाईल, आणि मग वहीतली ती ओळ मृत्यूच्या दाखल्यासारखी उरेल. तरीही ती ओळ असावी. कारण ती नसेल तर ‘येथे काही नव्हतेच’ असे म्हणणाऱ्याला पुढच्या पिढीत कोणीही खोडून काढू शकणार नाही. खालांनी ‘दाखवीन’ म्हटले आणि ‘कागदावर नका घालू’ असेही म्हटले. या दोन वाक्यांत आपल्याला विरोध दिसतो तो आपण सांगणे आणि जाहीर करणे यांना एकच समजतो म्हणून. रानात जे दिसले ते जसेच्या तसे लिहिणे, आणि ज्याच्या हाती ते जाऊ नये त्याच्यापासून सांभाळणे, ही दोन्ही कामे एकाच इमानाने करावी लागतात. त्यातले एकच करणारा माणूस साक्षीदार म्हणून अपुरा पडतो.